जुन्या एमजीबीला वेबर लावायचा की आहेत ते एसयू ठेवायचे : एका गाडीचं पूर्ण प्रकरण

गाडी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, 1970 ची, सॉफ्ट टॉप, इंजिन 1798 सीसी आणि त्यावर कारखान्यातून आलेले तेच दोन एसयू एचएस4 कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग. मालक माझा मित्र. तक्रार अशी की चार हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) पुढे गाडी दमते, म्हणजे पाय दाबला की नुसता आवाज वाढतो, ओढ वाढत नाही. आयडल, म्हणजे पाय न दाबता उभ्या गाडीच्या फेऱ्या, कधी सातशे तर कधी अकराशे, उभी राहिली की गुरगुरते, गरम झाल्यावर बंद केली तर परत चालू व्हायला नखरे करते आणि वर पेट्रोलचा वास. अशा वेळी त्याला एकाने वेबर 45 डीसीओई, म्हणजे दोन गळ्यांचा आडवा कार्बोरेटर, त्याचा अख्खा सेट देऊ केला, वापरलेला पण चांगल्या अवस्थेतला, मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडणारी नळी), लिंकेज (पेडलशी जोडणाऱ्या काड्या), हॉर्न (हवा शिरायचं कर्ण्यासारखं तोंड) सगळ्यासकट, आणि लवकर काय ते सांग म्हणाला.

मित्राने मला विचारलं, घेऊ का? मी म्हटलं आधी सांग कशासाठी. पहिलं कारण पॉवर, दुसरं कारण हे एसयू सारखे सेट करून वैताग आलाय, आणि बरंच खोदल्यावर तिसरं कारण निघालं ते म्हणजे वेबरचा आवाज. तिसरं त्याने जरा लाजत सांगितलं पण माझ्या मते तिन्हीत तेच सगळ्यात प्रामाणिक होतं. छंदाची गाडी आहे, आवाजासाठी कार्ब बदलला तर कुणाचं काय जातं. फक्त मग तसं म्हणायचं, पॉवरचं नाव पुढे करायचं नाही, कारण पॉवर मोजता येते आणि मोजल्यावर पंचाईत होते.

म्हणून ठरवलं की आधी पॉवरचा मुद्दा तपासू. प्रश्न एकच, आहे तो कार्बोरेटर या इंजिनाला अडवतोय का? अडवत असेल तर बदलायचा, नसेल तर दुखणं दुसरीकडे आहे.

थोडं गणित करावं लागतं पण सोपं आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीइतकी हवा ओढतं, म्हणजे 1798 सीसीचं इंजिन एका फेरीला साधारण 900 सीसी. मूळ एमजीबीची कंपनीने सांगितलेली पॉवर 95 एचपी, 5400 आरपीएमला. तेवढ्या फेऱ्यांना हिशेब येतो मिनिटाला साधारण 4,850 लिटर, तेही सिलेंडर पूर्ण भरले असं धरून. जुन्या पुशरॉड इंजिनाचे सिलेंडर त्या स्पीडला पूर्ण भरत नाहीत, ऐंशी टक्के धरले तरी मी उदार झालो म्हणायचं, म्हणजे 3,900 लिटर. ही हवा दीड इंची दोन कार्बमधून जायची आहे.

आता गंमत बघा. वेबरच्या नावातला 45 हा आकडा थ्रॉटलच्या, म्हणजे पेडलने उघडणाऱ्या झडपेच्या, भोकाचा आहे, मिलिमीटरमध्ये. हवा जिथून खरी चिमटून जाते ती जागा म्हणजे आतला चोक किंवा व्हेंचुरी, आणि अशा इंजिनाला 45 डीसीओई लावला की त्यात चोक साधारण 34 ते 36 चे बसवतात. 36 च्या दोन चोकचं मिळून क्षेत्रफळ येतं 2,036 चौरस मिलिमीटर. दीड इंच म्हणजे 38.1 मिमी, तशा दोन एसयूंचं येतं 2,280. म्हणजे ज्याला आपण मोठा कार्ब म्हणून घ्यायला निघालो त्याचा गळा आहे त्यापेक्षा लहान! ही तुलना अगदी सरळ नाही हे मान्य, एसयूमध्ये खाली ब्रिज असतो, वर पिस्टन असतो, वाट थोडी वाकडी असते, वेबरची वाट जास्त गुळगुळीत. पण नुसत्या 45 या आकड्यावर भुलून मोठा-लहान ठरवू नये एवढं तर यातून कळतंच. मित्र हे ऐकून थोडा गप्प झाला.

एसयूला लोक जुनाट म्हणतात आणि मला ते पटत नाही म्हणून इथे थोडं थांबतो. वेबरचा चोक ठरलेल्या मापाचा, त्यामुळे कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि मग ते सांभाळायला आयडल जेट (जेट म्हणजे पेट्रोलचं मोजलेलं भोक), प्रोग्रेशनची भोकं, मेन जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब, अ‍ॅक्सिलरेटर पंप अशी सगळी फौज लागते. एसयूमध्ये चोकच हलता. वर डॅशपॉट नावाच्या डब्यात एक पिस्टन, इंजिन जेवढी हवा मागेल तेवढा तो वर उचलला जातो आणि तेवढाच गळा उघडतो, त्यामुळे जेटवरून जाणाऱ्या हवेचा वेग आणि तिथला दाब जवळपास कायम राहतो. पिस्टनच्या खाली एक निमुळती सुई, ती जेटमध्ये वरखाली होते, सुई वर गेली की तिचा बारीक भाग जेटमध्ये येतो आणि पेट्रोलला जास्त जागा मिळते. एक जेट, एक सुई, संपलं. पाय झटकन दाबला तर पिस्टन एकदम उडू नये म्हणून वरच्या नळीत तेल आणि डॅम्पर, त्यामुळे क्षणभर मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त येतं, आणि वेगळ्या पंपाची गरज राहत नाही. स्किनर घराण्याचं हे डोकं, मूळ धंदा चपला-बुटांचा, आणि अगदी सुरुवातीच्या एसयूंमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता असायचा. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. ही कल्पना इतकी पक्की निघाली की पुढे स्ट्रॉमबर्गवाल्यांनी तीच उचलली आणि पिस्टनला रबरी डायफ्राम लावला. अमेरिकेत विकलेल्या नंतरच्या एमजीबींवर तोच एकटा स्ट्रॉमबर्ग आला, आणि तिथल्या लोकांनी तो काढून वेबर लावला तर मला कळू शकतं. पण ही गाडी ती नाही. वेबरच्या कहाण्यांपैकी बऱ्याच त्या एका स्ट्रॉमबर्गवाल्या गाड्यांच्या असतात आणि दोन एसयूवाले त्या वाचून उगाच हळहळतात.

मग तपासणी. कार्बला हात लावायच्या आधी बाकी सगळं, हा माझा हट्ट, कारण कार्बच्या नावावर खपवलेले निम्मे आजार इग्निशनचे, म्हणजे ठिणगीचे, निघतात. कॉम्प्रेशन मोजलं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून, चारही सिलेंडर एकमेकांच्या जवळ, म्हणजे इंजिनात दम आहे. टॅपेट दोन घट्ट निघाले, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी, ते सेट केले. पेट्रोल फिल्टर बदलला, पंपाचा फ्लो बाटलीत काढून बघितला, ठीक.

नंतर ठिणगी कधी पडते ते दाखवणारा टायमिंग लाइट लावला आणि खरा चोर सापडला. रेस वाढवली की पुलीवरची खूण पुढे सरकायला हवी, इथे थोडी सरकायची आणि मग जिथल्या तिथे थांबायची. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग, उघडला तर आतली, रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणारी, अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजून जागेवर बसलेली आणि एक स्प्रिंग ताणून लांब झालेली, व्हॅक्यूम कॅप्सूलचा डायफ्राम तर फाटकाच, तोंडाने नळी ओढून बघितली तर सरळ हवा येत होती. म्हणजे वरच्या आरपीएमला ठिणगी उशिरा पडत होती, त्यामुळे ओढ नाही आणि गाडी गरम. तो डिस्ट्रिब्युटर नीट करून परत बसवला आणि गाडी घेऊन निघालो तर साडेचार हजारापर्यंत सरळ खेचली. कार्बला अजून स्क्रू ड्रायव्हरही लागला नव्हता.

मी हे मुद्दाम लांबवून सांगतोय. समजा मित्राने पहिल्याच दिवशी वेबर घेतला असता तर सेट बसवताना मेकॅनिकने प्लग बदलले असते, टायमिंग बघितलं असतं, डिस्ट्रिब्युटर बिघडलाय म्हणून नवा टाकला असता, रोलिंग रोडवर, म्हणजे चाकं रुळांवर फिरवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी लावून जेट सेट केले असते, आणि गाडी पळाली असती. श्रेय कुणाला? वेबरला. अर्ध्या कहाण्या अशाच तयार होतात, झिजलेले एसयू आणि बिघडलेलं इग्निशन एका बाजूला, नवा कार्ब आणि ताजं ट्युनिंग दुसऱ्या बाजूला. दोघांनाही सारखी चाकरी द्या आणि मग तुलना करा.

मग एसयू. आयडलची कटकट कुठून येते ते बघायचं होतं. इंजिन चालू ठेवून थ्रॉटल शाफ्टच्या टोकांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारला, मागच्या कार्बला आरपीएम लगेच बदलला, म्हणजे तिथून हवा घेतोय. शाफ्ट हाताने हलवला तर टकटक होत होता. वर्षानुवर्षं रिटर्न स्प्रिंग एकाच बाजूला ओढत राहते त्यामुळे शाफ्ट आणि त्याचं भोक अंडाकृती होतं, ही एसयूची ठरलेली झीज आहे आणि हिच्यामुळेच एसयू सेट राहत नाहीत अशी बदनामी झालीय. शाफ्ट हलत असेल तर देव खाली आला तरी आयडल सेट होणार नाही, आज केलं उद्या बिघडणार. मेकॅनिकने दरवेळी मिश्रण रिच करून आयडल झाकला होता, म्हणून वास, म्हणून काळे प्लग.

बाकी तपासणी भराभर झाली. एका सुईवर चमकता ओरखडा, म्हणजे जेटला घासत होती, जेट मध्यावर नव्हता. फ्लोटची, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोलची, पातळी एका बाजूला जास्त, आणि गरम झाल्यावर पेट्रोल वर येण्याचं कारण बहुतेक तेच, शिवाय हीट शील्डचं अस्तर गळून गेलेलं. एका डॅशपॉटमध्ये तेलच नव्हतं. पिस्टन पडण्याची चाचणी केली, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते, भोकं बंद करून पिस्टन आपल्या वजनाने डॅशपॉटमधून किती वेळात सरकतो ते बघायचं, या मापाच्या कार्बला पाच ते सात सेकंद, दोन्ही त्यात बसले. म्हणजे महागाचा भाग शाबूत. आणि हो, एका कार्बचा पिस्टन दुसऱ्याच्या डॅशपॉटमध्ये घालायचा नाही, ती जोडी कारखान्यातून जुळवून आलेली असते, साफ करताना खुणा करून ठेवा.

आता ज्या चाचणीवर निर्णय ठरला ती. एसयूचा एक फायदा असा की तो स्वतःच सांगतो मी पुरतोय की नाही. डॅम्पर काढून त्या जागी पिस्टनवर एक हलकी काडी उभी ठेवायची, तिच्यावर खुणा करायच्या, खाली टेकलेला पिस्टन आणि हाताने पूर्ण वर उचललेला पिस्टन. मग रोलिंग रोडवर गाडी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर ओढायची आणि काडी कुठपर्यंत जाते ते बघायचं. पिस्टन टोकाला जाऊन टेकला आणि आरपीएम अजून चढतोय, तर कार्ब संपला, आता तो अडवणार. टेकलाच नाही, तर अजून उघडायला जागा आहे आणि इंजिन मागतच नाहीये. हे रस्त्यावर बॉनेट उघडं ठेवून करायचं काम नाही. डॅम्परशिवाय पिस्टन थरथरतो म्हणून हळूहळू आरपीएम चढवायचा, झटका द्यायचा नाही. आणि आधी पिस्टन अडकत तर नाही ना, स्प्रिंग चुकीची जड तर नाही ना हे बघून घ्यायचं, नाहीतर अडकलेला पिस्टनही वर जात नाही आणि आपण खूश.

ही चाचणी आम्ही कार्ब दुरुस्त केल्यानंतर केली, झिजलेल्यांवर करून काय उपयोग. वेबरवाल्याला तोवर थांबवून ठेवलं होतं, तो बिचारा चांगला माणूस निघाला. 5500 पर्यंत ओढली, दोन्ही काड्या टोकाच्या खुणेच्या खालीच राहिल्या. फार खाली नाही, पण खाली. म्हणजे हे इंजिन जसं आहे तसं, मूळ हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग), मूळ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), त्याला हे दोन कार्ब पुरतात आणि थोडे उरतात. पॉवरचा मुद्दा इथे निकालात निघाला.

मित्र लगेच हरणारा नाही. तो म्हणाला, अरे पण मग कारखान्याच्या रेसिंग एमजीबींवर वेबर का होता? प्रश्न रास्त आहे. त्या गाड्यांवर एक 45 डीसीओई असायचा हे खरं. पण त्यांचं हेड कोरलेलं, व्हॉल्व्ह मोठे, कॅम तेज, कॉम्प्रेशन वाढवलेलं, आणि गाडी सगळा वेळ वरच्या आरपीएमला. तशा कॅमबरोबर इनटेकमध्ये हवा मागेपुढे उसळते, एसयूचा पिस्टन त्या उसळीत फडफडतो आणि मिश्रण बिघडतं, ठरलेल्या चोकचा वेबर तिथे शांत राहतो. जेटही हवे तसे बदलता येतात. म्हणजे वेबर तिथे योग्यच होता, सगळं इंजिन बदलल्यावर शेवटची गोष्ट म्हणून.

दुसरी अडचण या इंजिनाची स्वतःची आहे आणि तिच्याबद्दल विकणारे बोलत नाहीत. हे इंजिन बीएमसी कंपनीच्या बी सिरीजचं, त्याच्या हेडला चार सिलेंडरला इनटेकचे पोर्ट दोनच, एक आणि दोन नंबरला मिळून एक, तीन आणि चारला मिळून एक. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. जरा मांडून बघा, दोन नंतर लगेच एक येतो, तीन नंतर लगेच चार, म्हणजे एकाच पोर्टवरचे दोन सिलेंडर पाठोपाठ हवा मागतात आणि मग बराच वेळ कुणीच मागत नाही. पाठोपाठ मागताना एक दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवतो. डीसीओईची खरी मजा एका सिलेंडरला एक नळी मिळाली की असते, सरळ वाट, प्रत्येकाचा वेगळा चोक. इथे एका नळीवर दोन सिलेंडर, त्यामुळे अर्धी मजा तिथेच गेली. दोन वेबर लावायचे तर क्रॉसफ्लो अ‍ॅल्युमिनियम हेड लागतं, चार वेगळ्या पोर्टचं, आणि तो पूर्ण वेगळा खर्च आणि वेगळा प्रकल्प.

वेबरबरोबर आणखी काय काय येतं त्याचीही आम्ही बसून मोजदाद केली. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी सध्या एसयूच्या अंगावर जाते, या डीसीओईला ती जोडायला जागा नव्हती, मग नुसत्या वजनांवर चालणारा डिस्ट्रिब्युटर बसवा नाहीतर निवांत चालवताना पेट्रोल जास्त जाणार हे मान्य करा. क्रँककेसची हवा ओढणारी नळीसुद्धा या गाडीत कार्बच्या अंगातूनच जाते, ती तोडली की इंजिनाच्या आतला दाब कुठेतरी जायला बघतो आणि मग मागच्या सीलमधून तेल गळायला लागतं, लोक म्हणतात जुनी ब्रिटिश गाडी आहे गळणारच. कार्ब मॅनिफोल्डवर घट्ट आवळायचा नाही, मध्ये रबर रिंगांची प्लेट आणि स्प्रिंगसारखे वॉशर असतात, तो थोडा हलायला हवा, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने फ्लोटमधल्या पेट्रोलला फेस येतो. एअर फिल्टरला बाजूच्या पत्र्यापर्यंत जागा किती उरते ते मोजून बघा, कमी असली तर फिल्टर पातळ लावावा लागतो आणि पातळ फिल्टर हवा अडवतो, म्हणजे ज्यासाठी केलं तेच गेलं. आणि सगळ्यात मोठं, जेटिंग. वापरलेला वेबर ज्या इंजिनावर होता त्या इंजिनासाठी सेट असतो, आतले चोक, जेट, इमल्शन ट्यूब तुमच्या कामाचे असतील असं नाही, आणि हे सगळं जाणणारा माणूस आणि रोलिंग रोड हाताशी हवा. नुसता कार्ब बसवून तसाच चालवणाऱ्यांच्या गाड्या मी बघितल्यात, आवाज सिंहाचा आणि दोन ते तीन हजारात खोकला. बाजारात नकलाही फिरतात, बाहेरून हुबेहूब, आत भोकं कुठेतरी.

पर्याय म्हणून वेबरचा 32/36 डीजीव्हीसुद्धा चर्चेत आला, वरून खाली हवा जाणारा, दोन टप्प्यांत उघडणारा, आधी छोटा गळा मग मोठा. बसवायला सोपा, चालू व्हायला सोपा, रोजच्या वापराला गुणी. पण त्याचे आतले चोक 26 आणि 27 मिमी, क्षेत्रफळ काढलं तर दोन एसयूंच्या निम्म्याच्या आसपास. एका स्ट्रॉमबर्गच्या जागी ठीक, दोन एसयू काढून हा लावणं म्हणजे मागे जाणं. फ्युएल इंजेक्शनचं नाव मित्राने एकदा काढलं, मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पेट्रोलची बाजूही धरावी लागते कारण आता बहुतेक ठिकाणी त्यात इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट, म्हणजे दहा टक्के इथेनॉल असलं की तोच जेट, तीच सुई तीन-चार टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते. कार्ब कुठलाही असो, हे सांभाळावंच लागतं, फरक एवढाच की एसयूमध्ये जेट थोडा खाली घेतला किंवा एक पायरी रिच सुई घातली की काम झालं. जुन्या रबरी नळ्या मात्र आधी बदलायच्या, इथेनॉल त्या आतून खातं आणि त्याचा काळा गाळ थेट फ्लोटच्या सुईवर जाऊन बसतो.

दुरुस्तीत काय केलं ते सांगतो. बॉडीला बुश घालून घेतले, हे काम लेथवाल्याकडूनच, दोन्ही भोकं एका रेषेत आली नाहीत तर डिस्क चिकटते. नवे शाफ्ट, नव्या डिस्क, नवे जेट आणि सुया, फ्लोटचे व्हॉल्व्ह, सगळी गॅस्केटं. डॅशपॉटमध्ये 20 नंबरचं तेल. मूळ एअर फिल्टर तसेच ठेवले, त्यांच्या आत हवा शिरायला गोल वळणाचं तोंड असतं, ते काढून चपटे फिल्टर लावले की बघायला रेसिंग आणि हवेला धारदार कडा, हा सौदा मला कधीच कळला नाही. लावायचेच असतील तर आत छोटे हॉर्न तरी घाला.

ट्युनिंग जुन्याच पद्धतीने. दोन्ही कार्बच्या तोंडाशी रबरी नळी धरून फुसफुस ऐकायची, सारखी होईपर्यंत आयडल स्क्रू फिरवायचे, मग मधलं लिंकेज आवळायचं, त्याआधी नाही. मिश्रणासाठी पिस्टन एक मिलिमीटरपेक्षा कमी उचलायचा, आरपीएम क्षणभर वाढून परत जागेवर आला तर बरोबर, वाढून वरच राहिला तर रिच, पडला तर लीन. नंतर धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला बघितलं, वरच्या आरपीएमला थोडी लीन जात होती, साधारण साडेतेरा पट हवेच्या वर, पॉवरसाठी साडेबारा ते तेरा हवं, म्हणून एक पायरी रिच सुई बदलली. हा सेन्सर तेवढा नव्या जमान्याचा आणि तो मला फार आवडतो, प्लगचा रंग बघून होणारी भांडणं बंद होतात.

गाडी आता पाच हजारापर्यंत सरळ जाते, आयडल जागेवर राहतो, वास गेला. 95 मूळ आकडा चाकाला मिळत नसतो, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल आपला वाटा खातात, त्यामुळे रोलिंग रोडचा कागद बघून मित्र जरा हिरमुसला, मी त्याला सांगितलं हा कागद फक्त आधीच्या कागदाशी ताडून बघायचा असतो. आधीच्या कागदापेक्षा हा बराच बरा होता.

वेबरवाल्याला नकार कळवला. निर्णय मात्र कायमचा केलेला नाही. मित्राला पुढे हेडचं काम करायचंय, मोठे व्हॉल्व्ह आणि थोडा तेज कॅम, रस्त्यावर चालेल इतपत. ते झालं की काडीची चाचणी परत, आणि तेव्हा पिस्टन टोकाला टेकला तर पहिली पायरी पावणेदोन इंची एचएस6 ची जोडी, मॅनिफोल्डची तोंडं जुळवून, म्हणजे व्हॅक्यूमची नळी, डिस्ट्रिब्युटर, ब्रीदर (क्रँककेसची ती नळी) काहीच हलवावं लागणार नाही. कॅम त्याहून तेज निघाला आणि पिस्टन फडफडायला लागला तर मग वेबर, माझी काही हरकत नाही. मित्राचं म्हणणं, कॅम तेवढा तेजच घेऊ ना मग.